इनामगावचा सातू

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे. हा पर्जन्यछायेचा भाग. पावसाचा भरवसा नाही. जमीन मात्र काळी, ओल धरून ठेवणारी. इथला शेतकरी तीन हजार वर्षांपूर्वी काय पेरत होता असे कोणाला विचारले, तर बहुतेक जण ज्वारी-बाजरीचेच नाव घेतील. प्रत्यक्षात त्या गावाचे मुख्य धान्य होते सातू, म्हणजे जव. आज ज्याचा पेरा या शिवारात शोधावा लागेल, त्या धान्यावर इनामगावच्या कित्येक पिढ्या जगल्या. जोडीला मसूर, वाटाणा, लाख, हुलगा आणि वाल ही कडधान्ये होती. थोडा गहू होता, भात त्याहून कमी, आणि रानातली बोरे होती.

हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या लोकांकडे लिपी नव्हती. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावचे टेकाड थराथराने उकरले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही या कामातली प्रमुख नावे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले, रंगीत भांडी, चुली, धान्य साठवण्याचे बळद, नदीच्या पुराचे पाणी वळवून घेणारा बांध आणि पाट असे पुष्कळ काही तिथे मिळाले. सर्वांत खालचा थर माळवा संस्कृतीचा, इ. स. पू. १६०० च्या सुमाराचा. त्यावर जोर्वे संस्कृतीचे दोन थर, तेही इ. स. पू. ७०० पर्यंत येऊन थांबणारे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले प्रवरेकाठचे गाव. तिथे ही भांडी पहिल्यांदा ओळखली गेली म्हणून संस्कृतीला त्याचे नाव. उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये निघाला आणि त्यातला पिकांचा भाग एम. डी. काजळे यांनी लिहिला. त्यांच्यापुढे होते ते चुलीतून, राखेतून आणि खड्ड्यांतून निघालेले काळे, जळके दाणे.

जमिनीत पडलेला दाणा एक तर उगवतो, नाही तर कुजतो. मुंग्या, किडे आणि बुरशी त्याचे काही उरू देत नाहीत. इजिप्तच्या कोरड्या थडग्यांत धान्य वाळून टिकते. स्वित्झर्लंडमध्ये १८५३-५४ च्या हिवाळ्यात तळ्यांचे पाणी फार खाली गेले, तेव्हा काठच्या प्राचीन वस्त्या उघड्या पडल्या. त्यांच्या चिखलात हवा न लागता हजारो वर्षे राहिलेले गहू, जवस आणि सफरचंदाचे तुकडेसुद्धा मिळाले. ओस्वाल्ड हेअर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून १८६५ मध्ये ग्रंथ लिहिला. प्राचीन वस्तीतल्या वनस्पतींवरून माणसाचे जगणे वाचण्याच्या विद्येची ती सुरुवात मानतात.

दख्खनमध्ये अशी सोय नाही. इथली माती चार महिने भिजते, आठ महिने तापते. अशा जमिनीत दाणा टिकायचा तर तो आगीतून जावा लागतो, आणि तोही नेमका. उघड्या ज्वाळेत सापडला तर त्याची राख होते. राखेखाली किंवा निखाऱ्यांच्या तळाशी, पुरेशी हवा न मिळता भाजला, तर त्यातले पाणी आणि तेल निघून जाते आणि कोळसा उरतो. कोळशावर बुरशी जगत नाही. त्यामुळे दाण्याचा आकार, त्याची खोबण, कधीकधी साल आणि कोंबसुद्धा तीन-तीन हजार वर्षे तसेच राहतात.

म्हणूनच या पुराव्यात मुळात एक पक्षपात आहे. जे धान्य भाजले जात होते, सुकवताना किंवा सडताना चुलीजवळ येत होते, ते जास्त सापडते. पालेभाजी, कंद, उकडून खाल्लेली फळे यांचे काहीच उरत नाही. चूल जशी जळेल तसा पुरावा राहील. अभ्यासकाला दाणे मोजतानाच हे गणित मनात ठेवावे लागते. खळ्यावर सातूच्या पोत्यांची रास असली तरी चुलीत त्यातले चार दाणे पडतील आणि उलट एखादे क्वचित पिकणारे कडधान्य भाजताना पाटीभर जळून जाईल.

पूर्वी उत्खननात डोळ्यांना दिसले तेवढेच धान्य उचलले जाई. म्हणजे जळालेल्या कोठारातला गव्हाचा किंवा भाताचा ढीग मिळाला तर नोंद व्हायची, राळा, वरी किंवा तणाची बी मात्र मातीबरोबर ढिगाऱ्यावर जायची. १९६८ मध्ये स्टुअर्ट स्ट्रूव्हर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने एक साधी रीत प्रसिद्ध केली आणि सारे बदलले. चुलीतली किंवा खड्ड्यातली माती पाण्यात टाकून हलवायची. माती आणि खडे तळाशी बसतात, कोळसा झालेला दाणा हलका असल्याने वर तरंगतो. वरचे पाणी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्रांच्या जाळीतून गाळले की जाळीवर काळा चुरा उरतो. तो सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर दाणे तडकतात. मग पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक कुंचल्याने. खर्च फारसा नाही. पाणी, पिंप, जाळी आणि चिकाटी लागते. अनेक देशांत प्राचीन शेतीच्या इतिहासाला या एका रीतीने कलाटणी मिळाली.

ओळख पटवण्याचे काम किती नाजूक असते, याची कल्पना सातूवरूनच येईल. सहा ओळींच्या सातूच्या ओंबीत प्रत्येक पेराला तीन दाणे धरतात. मधला सरळ, बाजूचे दोन जागा कमी पडल्याने किंचित पिळवटलेले. जळक्या दाण्यांत पिळवटलेल्यांची संख्या सरळ दाण्यांच्या दुप्पट भरली, तर ते सहा ओळींच्या जातीचे. मूग आणि उडीद हे त्याहून अवघड. साल गेल्यावर दोघांचे दाणे इतके सारखे दिसतात की वरून निर्णय करता येत नाही. डाळ दुभंगलेली असेल तर आतल्या कोंबाची लांबी पाहून ठरवावे लागते. जळताना दाणा आखडतो, फुगतो, कधी फुटून त्याचा पापुद्रा होतो. म्हणून या प्रयोगशाळांत आजच्या धान्याचे, तणांचे आणि रानबियांचे नमुने मुद्दाम जाळून ठेवलेले असतात. नव्या जळक्या दाण्याशेजारी जुना ठेवून पाहणे, याला अजून पर्याय निघालेला नाही.

भारतात या कामाचा पाया लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेत विष्णु-मित्रे यांनी घातला. नर्मदाकाठच्या नावडातोलीतून सांकलियांच्या चमूने काढलेले गहू, भात, मसूर, मूग, लाख आणि जवस त्यांनीच ओळखले. डेक्कन कॉलेजात काजळ्यांनी ती वाट नेवासे, दायमाबाद, आपेगाव, इनामगाव आणि विदर्भातली तुळजापूर गढी इथपर्यंत नेली. महाराष्ट्राच्या प्राचीन शेतीबद्दल आज जे काही ठामपणे बोलता येते, त्याचा मोठा भाग या एका माणसाने ओळखलेल्या दाण्यांवर उभा आहे. राजांच्या वंशावळींना पाठ्यपुस्तकांत जेवढी जागा मिळते, त्याचा दहावा हिस्साही या कामाला मिळालेला नाही, हे खटकते.

दाण्याच्या नावापेक्षा पुष्कळदा त्याची संगत जास्त सांगते. खळ्यावर पीक येते तेव्हा त्यात धान्य, कूस, पाचोळा, माती आणि तणाच्या बिया असे सगळे एकत्र असते. बैलांची पात धरून मळणी झाली की वाऱ्यावर उफणणी होते आणि भूस व हलके बी उडून जाते. चाळणीतून बारीक तण गळते. सुपात पाखडले की आणखी काही वेगळे होते. तरीही धान्याच्याच आकाराची आणि वजनाची काही बी धान्यात राहते. ती चाळणीला दाद देत नाही, वाऱ्यालाही नाही. ती बोटांनी निवडून काढावी लागते. गॉर्डन हिलमन यांनी १९७० च्या दशकात तुर्कस्तानातल्या खेड्यांत, ग्लिनिस जोन्स यांनी ग्रीसच्या आमोर्गोस बेटावर आणि सीता रेड्डी यांनी आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांच्या शेजारी बसून प्रत्येक टप्प्यावर काय बाहेर पडते ते गोळा केले, मोजले. त्यावरून उलटा तर्क करता येऊ लागला. एखाद्या प्राचीन वस्तीच्या चुलींतून धान्याच्या आकाराचेच तण निघत असेल, तर त्या घरात धान्य रोजच्या रोज निवडले जात होते. बारीक बी आणि कूसही सापडत असेल, तर धान्य पुरते साफ न करताच साठवले जात होते आणि उरलेले काम घरची माणसे दररोज करत होती. खळ्यावर एकदम हात लावायला माणसे पुरेशी होती की नव्हती, इथपर्यंत हा तर्क जातो.

सूप घेऊन बसलेल्या बाईने नको म्हणून चुलीत टाकलेले तण हा शेतीच्या इतिहासाचा पुरावा ठरतो. ताम्रपटांत आणि शिलालेखांत जिचा उल्लेखही येत नाही, तिच्या रोजच्या कामाची नोंद इथे मिळते. या विद्येचे मोठेपण मोजायचे तर ते इथे मोजावे.

तणांकडून आणखीही कळते. सातू, गहू, मसूर, वाटाणा ही रब्बीची पिके; हुलगा, मूग, उडीद पावसाळी. ज्या वस्तीत दोन्ही गट सापडतात तिथे वर्षातून दोन हंगाम घेतले जात होते. चाकवताची बी रब्बीच्या पिकाबरोबर येते. लव्हाळ्याची बी ओलसर, पाणी साचणाऱ्या जमिनीची खूण. जमिनीलगत वाढणाऱ्या तणाचे बी धान्यात असेल, तर कापणी बुडाजवळून केलेली. नसेल तर वरच्या वर ओंब्या खुडलेल्या. इनामगावच्या पाटाचे पाणी नक्की कोणत्या पिकाला गेले असेल, या प्रश्नाकडेही याच वाटेने जाता येते. पुराचे पाणी साठवून थंडीत पिकाला द्यायचे, ही व्यवस्था रब्बीच्या सातूशी आणि गव्हाशी जुळते.

एक अडचण मात्र गोवरीची. जिथे शेण जाळतात, तिथे गुरांनी खाल्लेल्या गवताचे आणि चाऱ्याचे बी शेणातून चुलीत येते. इराणमधल्या मल्यान येथील दाण्यांचा अभ्यास करताना नेओमी मिलर यांच्या हे लक्षात आले आणि १९८० च्या दशकात त्यांनी ते ठामपणे मांडले. तोवर चुलीत मिळालेले सगळे माणसाचे अन्न समजायची सवय होती. भारतातल्या संशोधकांना याची जाणीव विशेष ठेवावी लागते, कारण ज्या खेड्यांत ते खणतात तिथल्या भिंतींवर आजही गोवऱ्या थापलेल्या असतात.

दुसरी अडचण वयाची. दाणा लहान असतो. उंदराच्या बिळातून, जमिनीच्या भेगेतून तो वरच्या थरातून खाली घसरतो, आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणाऱ्या काळ्या मातीत तर सहज. इजिप्तमधल्या वादी कुब्बानिया येथे सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वीच्या थरात सातू सापडला म्हणून १९७९ मध्ये मोठा गाजावाजा झाला. शेतीचा उगम इतका मागे जाणार होता. पुढे त्या दाण्यांचेच थेट कार्बन-१४ कालमापन केले, तेव्हा ते पाच हजार वर्षांच्याही आतले निघाले. ज्यांनी दावा केला होता त्याच संशोधकांनी १९८४ मध्ये तो जाहीरपणे मागे घेतला. आता महत्त्वाच्या दाण्याचे वय थराच्या वयावरून धरत नाहीत, दाणाच तपासतात. एका हंगामात वाढलेला असल्याने तो जुन्या लाकडाच्या कोळशापेक्षा अचूक तारीख देतो.

इनामगावच्या लोकांच्या जेवणात ज्वारी का नव्हती, याचे उत्तर आफ्रिकेत आहे. पूर्व सुदानमध्ये कसालाजवळ मडक्यांच्या ठिकऱ्यांत ज्वारीच्या तुसांचे ठसे मिळाले आहेत. ते इ. स. पू. ३५०० ते ३००० या काळातले असून त्यांत ज्वारी रानटी अवस्थेतून पिकाकडे सरकताना दिसते. बाजरीचा सर्वांत जुना पिकवलेला पुरावा माली देशातल्या तिलेम्सी खोऱ्यातला, इ. स. पू. २५०० च्या सुमाराचा. नाचणीही आफ्रिकेचीच, चवळीही, आणि इनामगावात सापडलेला वालही मूळचा तिकडचाच मानतात. ही पिके इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकापासून भारतात दिसू लागतात, पण तुरळक. काही जुन्या उत्खननांत नाचणी म्हणून नोंदवलेले दाणे फेरतपासणीत दुसऱ्याच बारीक तृणधान्यांचे ठरले. ज्वारीने दख्खनचे शिवार व्यापले ते फार नंतर. याचा अर्थ भाकरी परकी, असा काढणे चुकीचे होईल. शेकडो वर्षे निवडून, जपून, इथल्या पावसाला आणि मातीला जुळवून शेतकऱ्यांनी ती आपली केली आहे. पण ‘अनादि काळापासून आपण हेच खात आलो’ हे वाक्य जळक्या दाण्यांपुढे टिकत नाही, आणि ते सोडून दिलेले बरे.

गहू, सातू, मसूर, वाटाणा आणि जवस पश्चिम आशियातून आले. आजच्या बलुचिस्तानातल्या मेहेरगढमध्ये सातूच्या दाण्यांचे ठसे कच्च्या विटांत उमटलेले मिळाले. लोरेन्झो कोस्टान्टिनी यांनी त्यांचा अभ्यास केला. तिथून हजारो वर्षांत ही पिके हळूहळू नर्मदा ओलांडून भीमेच्या खोऱ्यात उतरली. तूर मात्र इथली. तिची रानटी बहीण ओडिशा आणि बस्तरच्या जंगलांत वाढते, आणि तुरीच्या जुन्या दाण्यांच्या यादीत ओडिशातल्या गोपाळपूरबरोबर अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीचेही नाव आहे. मूग आणि हुलगाही इथलेच. कर्नाटकातल्या संगनकल्लू आणि हल्लूरसारख्या नवाश्मयुगीन वस्त्यांत हुलगा, मूग आणि दोन बारीक देशी तृणधान्ये एकत्र सापडतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डोरियन फुलर यांनी तिथले नमुने तपासून दाखवून दिले की दक्षिण भारतात शेती बाहेरून आयती आलेली नाही. इथल्या रानातली पिके इथल्याच माणसांनी माणसाळवली.

हुलग्याची कहाणी तर विशेष आहे. रानटी हुलग्याची साल जाड असते. पहिल्या पावसात सगळे बी एकदम उगवून दुष्काळात मरू नये, म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज. शेतकऱ्याला मात्र पेरले की उगवणारे बी हवे. २०१७ मध्ये शार्लीन मर्फी आणि फुलर यांनी दक्षिण भारतातले जळके हुलगे न फोडता अतिशक्तिमान क्ष-किरणांनी तपासले आणि सालीची जाडी मोजली. इ. स. पू. २००० ते १२०० या काळात ती साल पातळ होत गेल्याचे दिसले. कडधान्य माणसाळतानाचा हा वेग प्रत्यक्ष प्राचीन दाण्यांवरून मोजण्याची ती पहिलीच वेळ. दख्खनमध्ये गरिबाचे आणि बैलाचे खाणे समजून बाजूला टाकलेल्या हुलग्याने जगाच्या विज्ञानाला हा पुरावा दिला.

माणसाळण्याची प्रक्रिया किती संथ होती, हेही दाण्यांनीच शिकवले. पिकलेला दाणा ओंबीला धरून राहणे ही पिकाची खूण. रानटी दाणा गळून पडतो. १९९० मध्ये हिलमन आणि डेव्हिस यांनी गणित मांडून सांगितले होते की हा बदल वीस-तीस वर्षांतसुद्धा होऊ शकतो. चीनमधल्या थ्येनलुओशान येथे भाताच्या दाण्यांच्या देठाकडचे हजारो तुकडे तपासले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. साधारण ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांत न गळणाऱ्या दाण्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांपर्यंतच गेले होते. शेतीचा शोध कोणा एकाने एका दिवशी लावला, ही कल्पना त्यामुळे मागे पडली. कित्येक पिढ्या माणसे रानातले खातही होती आणि पेरतही होती.

दाणा जिथे टिकत नाही तिथे आणखी बारीक पुरावे कामाला येतात. गवते आणि भात आपल्या पेशींत वाळूसारखी सिलिका साठवतात. पान कुजले तरी ते सूक्ष्म कण मातीत राहतात आणि त्यांच्या आकारावरून भाताचे पान, भाताचे तूस ओळखता येते. दातांवरच्या कीटणात आणि भांड्यांच्या तळाशी पिष्टकण सापडतात. हरियाणातल्या फरमाणा या हडप्पाकालीन वस्तीतल्या भांड्यावर आणि दातांवर अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना हळद, आले आणि वांग्याचे पिष्टकण मिळाले. केवळ जळक्या बियांवर भिस्त ठेवली असती, तर त्या स्वयंपाकातली हळद कधीच कळली नसती. धागाही असाच अवचित टिकतो. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांत ओवलेला दोरा मिळाला. तांब्याच्या क्षारांमुळे सूक्ष्मजीव त्याला शिवले नाहीत. ए. एन. गुलाटी यांनी तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशमाचे तंतू दिसले. इनामगावासारख्याच घोड नदीकाठच्या चांडोलीतला दोरा जवसाच्या खोडापासून काढलेल्या तंतूचा निघाला. म्हणजे जवस केवळ तेलासाठी होते असे धरून चालता येत नाही.

आणि मग इनामगावचा शेवट. इ. स. पू. १००० नंतरच्या थरात तिथे मोठा फरक दिसतो. प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. भांड्यांचे काम ओबडधोबड होते. गहू दिसेनासा होतो आणि हरणांच्या शिकारीची हाडे वाढतात. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की पाऊस उणावला, शेती मोडली आणि लोक मेंढरे-गुरे घेऊन अर्धे भटके झाले. ही मांडणी मराठी वाचकांनाही परिचित आहे आणि ती सांगितली गेलीही सुंदर. पण तिच्यावर गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. हा प्रदेश आधीपासूनच निमकोरडा होता आणि केवळ हवामानाच्या फेऱ्याने हा ऱ्हास समजावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

लोणारचे सरोवर या वादात महत्त्वाचे साक्षीदार आहे. २००८ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी त्याच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. गाळातले परागकण आणि पाणी आटल्यावरच तयार होणारे खनिजांचे स्फटिक यांवरून गेल्या काही हजार वर्षांतला पाऊस वाचता आला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन काळ ठळक दिसतात. एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावचे सारे आयुष्य या दोहोंच्या मधे येते. ते वसले तेव्हा पहिले अवर्षण संपून काही शतके झाली होती. ते उठले तेव्हा दुसरे सुरू व्हायला काही शतके होती. लोणार आणि शिरूर यांच्यात अंतर आहे, आणि एखाद्या खोऱ्यातला लहान दुष्काळ सरोवराच्या गाळात उमटेलच असे नाही. तरी सगळा दोष पावसावर टाकणारी मांडणी आता सैल झाली आहे, हे मान्य करायला हवे. गहू दिसत नाही एवढ्यावरून फार बोलताही येत नाही. जे पीक मुळातच थोडे होते, त्याचा दाणा थोड्या नमुन्यांत न मिळणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचा निकाल आणखी माती गाळूनच लागेल: जोर्वेच्या शेवटच्या काळातल्या अधिक चुली, अधिक खड्डे, थेट तारखा आणि तणांची पूर्ण यादी.

ती माती मात्र वेगाने संपत चालली आहे. महाराष्ट्रात ओसाड गावाच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि ढासळलेल्या भिंती मिसळून तिची माती भुसभुशीत आणि कसदार झालेली असते. ती शेतात खत म्हणून टाकायची, धाब्याच्या छतावर पसरायची ही जुनी रीत. पाट्यांनी आणि बैलगाडीने जात होती तोवर थोडीथोडी जात होती. यंत्राने उचलली की अख्खे टेकाड दोन दिवसांत नाहीसे होते. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड, तापी, वर्धा यांच्या काठांवर अशा पांढऱ्या अजून आहेत. आपल्या गावच्या पांढरीत काळ्या रेघांची तांबडी खापरे, राखेचे पट्टे किंवा जळक्या मातीचा थर दिसला, तर तिथले खोदकाम थांबवावे, जागेची छायाचित्रे काढावीत, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे. खापरे वेचून घरी आणू नयेत. कोणत्या थरात काय होते हे एकदा विस्कटले की दाण्यांनाही अर्थ उरत नाही. आणि जिथे जिथे उत्खनन होईल, तिथे प्रत्येक चुलीची माती पाण्यात टाकून गाळली गेलीच पाहिजे, असा आग्रह विद्यापीठांनी, संशोधन संस्थांनी आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या सरकारने धरावा.